मशीनचा पायगुण

मी अंबडला एका खासगी शिकवणीत मराठी शिकवते. रोज सकाळी वडीगोद्रीच्या फाट्यावर अंबडवरून जाणाऱ्या जालन्याच्या एसटीची वाट पाहते. एसटी वेळेवर येत असती तर चतुराबाईंशी माझी फक्त तोंडओळख राहिली असती. ती वेळेवर येत नाही, म्हणून मैत्री झाली.

चतुराबाई हायवेच्या कडेला मोसंबी विकतात. चार बांबू, वर हिरवी शेडनेट, खाली क्रेट, बाजूला गिऱ्हाइकांसाठी रस काढायची सोय. माल घरच्या बागेतला. बाग मुलगा भागवत पाहतो, दुकान त्या पाहतात. वय साठीचं. अंगानं किरकोळ, आवाजानं दणदणीत. माझं शिक्षण साहित्यात झालं हे कळल्यावर त्यांनी विचारलं होतं, की मंग ते साहित्य ठेवलं कुठं. त्यांना साहित्य म्हणजे पूजेचं नाही तर स्वयंपाकाचं माहीत. मी कथा, कविता, नाटक असं काहीबाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हौ का. मला वाटलं काही उपयोगाचं आसंल."

त्यांची विकायची रीत उलटी आहे. गाडी थांबली की त्या आधी मालाला नावं ठेवतात. हा क्रेट फिक्का आहे, पाणी जास्त झालं होतं, रसाला चालेल. तो घ्या, तो गोड आहे. बीडकडे, सोलापूरकडे जाणारी नेहमीची मंडळी त्यांच्याच दुकानापुढे गाडी उभी करतात. चाखायला फोड मागत नाहीत. दुकान मोसंबीवर चालतं असं भागवतला वाटतं. ते चतुराबाईंच्या शब्दावर चालतं.

दोन वर्षांपूर्वी गावात तपासणीचं शिबिर झालं, त्यात त्यांना शुगर निघाली. त्यांनी फार मनावर घेतलं नाही. आयुष्यभर गोड विकलं, थोडं अंगाला लागणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पथ्य कडक पाळलं. चहातली साखर गेली, गूळ गेला, सणाची पुरणपोळी गेली. मोसंबीसुद्धा गेली. आता त्या नुसत्या वासावर आणि अंगठ्यानं दाबून गोडी ओळखतात. अंबडच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. दर खेपेला रक्त तपासायचे, आकडा बरा यायचा, डॉक्टर मान हलवायचे.

दिवाळी झाल्यावर भागवतनं घरी शुगर तपासायची मशीन आणली.

मशीन तळहाताएवढी. तिच्यासोबत पट्ट्यांची डबी आणि बोट टोचायची पेनसारखी टोचणी. भागवतनं आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि मग आईला शिकवलं. बोट साफ करायचं, टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आकडा आला की फोटो काढून त्याला पाठवायचा. चतुराबाई एका सकाळीत शिकल्या. सकाळी उपाशीपोटी घरी, दुपारी जेवल्यानंतर दुकानात. मशीनची पिशवी त्या कमरेला खोचून आणायच्या. गिऱ्हाईक नसलं की ती काढून पुसत बसायच्या. ट्रक ड्रायव्हरांना दाखवायच्या. एकाला तर तपासून देते म्हणाल्या. तो उरलेले पैसे न मोजताच पळाला.

आणि तिथून आकडे चढायला लागले.

दोनशे चाळीस. दोनशे सत्तर. एकदा तर तीनशेच्या वर. सकाळचाही तसाच, दुपारचाही तसाच. दोन वर्षं गपचूप असलेली साखर मशीन घरात येताच उसळली होती.

चतुराबाईंनी निदान ताबडतोब केलं. "हिचा पायगुण वाईट हाय," त्या मला म्हणाल्या. "नवी नवरी घरात आली अन् म्हैस आटली, तसं झालं. ही यायच्या आधी काय होतं मला? काहीच न्हाई."

मला हसू आलं. मी त्यांना समजावलं, की मशीन साखर आणत नाही, असलेली दाखवते. आरसा जसा. मला हे उदाहरण फार आवडलं होतं. त्यांना आवडलं नाही. आरशात बघून कोणी म्हातारं झाल्याचं त्यांनी पाहिलं होतं म्हणे.

घरात मात्र पायगुणाची बाजू कोणी घेतली नाही. भागवतचं गणित सोपं होतं. आकडा वाढला म्हणजे आई खाते. घरात खात नाही, म्हणजे दुकानात खाते. आणि दुकानात क्रेटच्या क्रेट पडलेले. त्यानं विचारलं, तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, कधी खातेस, गिऱ्हाईक गेल्यावर का यायच्या आधी. सुनेनं, मीनानं, एक दिवस दुकानातल्या साली मोजायला सुरुवात केली. रसाच्या किती, आईंच्या किती, असं तिला वेगळं काढायचं होतं. साली काही बोलल्या नाहीत.

अंबडच्या डॉक्टरांना फोटो जात होते. ते आकड्यांवर विश्वास ठेवणार, दुसरं काय करणार. दवाखान्यात आकडा बरा येतो आणि घरी का वाढतो, हे त्यांनाही कळेना. त्याचं उत्तर भागवतकडे तयार होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आई सुधारते, जशी पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी सुधारतात. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग आणखी वाढवली. मीनानं भाकरी अर्धी केली.

शेवटी भागवतनं निकाल दिला. गुढीपाडव्यापर्यंत साखर उतरली नाही तर दुकान बंद. माल परस्पर व्यापाऱ्याला द्यायचा आणि आईनं घरी बसायचं.

चतुराबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. हायवेकडे बघत होत्या.

"दुकानाचं एक वेळ जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण माझं पोरगं म्हणून राह्यलं, का माय खोटं बोलती. रस्त्यावरचा माणूस माझ्या शब्दावर पिशवी भरतो, अन् घरात माझ्या शब्दाला एवढीशी मशीन भारी."

माझी नजर क्षणभर त्यांच्या ओठांकडे गेली. त्यांनी ती बरोबर पकडली.

"बघ," त्या म्हणाल्या. "जवळ येऊन बघ. रस लागला हाये का."

मी लाजले. एसटी आली म्हणून सुटले.

फेब्रुवारी सरला. मृगाच्या बहाराची मोसंबी झाडांवरून उतरत होती. चतुराबाई उतरत होत्या. गालफडं बसली, चोळी सैल झाली. मधेच घाम यायचा, मधेच नुसत्या बसून राहायच्या. सगळ्यांना वाटायचं, वाढलेल्या साखरेनं आतून पोखरलंय. मलाही तसंच वाटायचं. मी पुस्तकात वाचलेल्या आजारी माणसांशी त्यांची तुलना करायची. ती माणसं फार बोलायची. या कमी बोलू लागल्या होत्या, आणि त्याची मला जास्त भीती वाटायची.

एका दुपारी मी अंबडहून आले. उतरले तर दुकानापुढे एक गाडीवाला ताटकळत उभा. चतुराबाई उलट्या घातलेल्या क्रेटवर बसलेल्या. त्याला म्हणत होत्या, कोणतीही घ्या, सगळी सारखीच हाय.

मी जागीच थांबले. हे वाक्य त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं.

जवळ गेले. कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते. डोळे माझ्यावर होते पण मी त्यांना नीट दिसत नव्हते. जेवल्या का, विचारलं. डबा अजून उघडलेला नव्हता. मी म्हटलं, थोडा रस काढते, घोटभर घ्या. त्यांनी माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"रस न्हाई," त्या म्हणाल्या. "हायवे हाय. कोणी बघंल अन् भागवतला सांगंल."

मग तपासून तरी बघू, असं मी म्हणाले. त्यांनी पिशवी काढून दिली. मी पट्टी लावली, टोचणी उचलली. बोट पुढे करा म्हटलं. त्यांनी केलं नाही. एवढ्या थरथरीतही त्यांना नियम मोडायचा नव्हता. थांब, साफ करू दे, म्हणाल्या. टोपलीतलं पिळलेलं अर्धं मोसंबं घेतलं, बोटावर चांगलं घासलं, पदराला पुसलं आणि बोट माझ्यासमोर धरलं.

तीनशे आठ.

रस पाजला असता तर काय झालं असतं. देवानंच वाचवलं असं वाटलं. मी गाडीवाल्याला दुकानावर लक्ष ठेवायला सांगितलं, रिक्षा थांबवली, त्यांना बसवलं. वाटेत भागवतला फोन लावला. तो बागेच्या दुसऱ्या टोकाला होता. येतो म्हणाला.

गावच्या आरोग्य केंद्रात बेबीनंदा सिस्टर होत्या. त्यांना मी एका दमात सगळं सांगितलं. शुगर तीनशे आठ आहे, आत्ताच तपासली, मी स्वतः तपासली. स्वतः हा शब्द मी जरा ठासून म्हटला. सिस्टरांनी चतुराबाईंचा हात हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय हो मावशी, बोटं चिकट किती," त्या म्हणाल्या.

त्यांनी आधी बेसिनवर नेऊन साबणानं हात धुवायला लावला. कोरडा केला. मग टोचलं. आकडा आला आणि सिस्टर एकदम चालत्या झाल्या. त्यांनी मला काही सांगितलं नाही. मीच वाकून पाहिलं.

बावन्न.

मला वाटलं, मशीन बिघडली. मग वाटलं, आपलं वाचणं बिघडलं. तेवढ्यात सिस्टर ग्लुकोजची पावडर कालवलेलं पाणी घेऊन आल्या आणि पेला चतुराबाईंच्या तोंडाला लावला. चतुराबाईंनी वासानंच ओळखलं. तोंड घट्ट मिटून घेतलं. गोडाचा सगळा आरोप डोक्यावर असताना सरकारी दवाखान्यात, साक्षीदारांसमोर गोड प्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. सिस्टरांनी दरडावलं तेव्हा प्यायल्या. एक पेला संपला. दुसरा अर्धा झाला आणि दारात भागवत उभा राहिला.

त्याच्या पायाला बागेचा चिखल होता. त्याच्या समोर त्याची आई खाटेवर बसून साखरेचं पाणी पीत होती.

"इथंबी?" तो म्हणाला.

एवढंच. पण सिस्टरांनी त्याला जे सुनावलं ते बरंच लांब होतं. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सार असं की आईची साखर तळाला गेली आहे, हे पाणी नसतं तर ती बेशुद्ध पडली असती, आणि भाकरी अर्धी कोणाच्या डोक्यातून निघाली. भागवत दाराच्या चौकटीला टेकला. चिखलाचे पाय त्याला आत टाकता येईनात.

थोड्या वेळानं पुन्हा तपासलं. आकडा वर आला होता. चतुराबाईंचा रंगही आला. आवाज आला. पहिला प्रश्न त्यांनी दुकानाबद्दल विचारला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी दोन्ही आकडे ऐकले, माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. अर्ध्या तासाच्या आत तीनशे आठ आणि बावन्न. मग चतुराबाईंना विचारलं, घरी बोट कशानं साफ करता.

चतुराबाईंना प्रश्नच कळला नाही. साफ कशानं करतात? साफ करायचं ते साफ करायचं. त्यांच्या घरी तांब्याची भांडी पिळलेल्या मोसंबीनं निघतात, विळ्याचा डाग निघतो, वंगणाचे हात निघतात. बागेतून आलेला माणूस आधी अर्धं मोसंबं हाताला चोळतो, मग पुसतो. त्यांच्या सासूच्या आधीपासून असंच आहे. न्हाणीतल्या कोनाड्यात त्यांनी बोटासाठी एक अर्धं वेगळं ठेवलं होतं. रोज ताजं. लेकानं साफ करायला सांगितलं होतं, तर त्यात आळस नको.

डॉक्टर मॅडम हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. त्यांनी सावकाश समजावलं. मोसंबीचा रस बोटावर वाळतो, त्याची साखर बोटावर राहते, रक्ताच्या थेंबात मिसळते. एवढ्याशा थेंबाला तेवढी पुरते. पदरानं पुसून ती जात नाही, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याचाही भरवसा नाही. साबण, पाणी, आणि हात पूर्ण कोरडा. इतके दिवस मशीननं मोसंबी मोजली होती, आणि त्या आकड्यांवर गोळी वाढत गेली होती. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांसमोर अंधारलं, तर ती साखर उतरल्याची खूण. तेव्हा आधी दोन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, भांडण नंतर. त्यांनी तिथूनच अंबडच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी पहिल्यासारखी कमी झाली. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी लगेच करून घ्यायचं ठरलं. त्या तपासणीला बोटाचं काही कळत नाही, मागचे तीन महिने कळतात.

ते अर्धं मोसंबं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कित्येक दुपारी पाहिलं होतं. एकदा मनात म्हटलंही होतं, की काय सुंदर सवय आहे.

चतुराबाई आपल्या धुतलेल्या बोटाकडे पाहत होत्या.

"सगळेजण हात धुऊन माझ्या मागं लागले," त्या म्हणाल्या. "मलाच कोणी म्हणलं न्हाई, का बाई तू हात धू."

सिस्टर हसता हसता खुर्चीत बसल्या. भागवत हसला नाही. त्यानं बाहेर जाऊन नळावर पाय धुतले, मोटारसायकल काढली आणि आईला म्हणाला, बस. एवढंच म्हणाला. चुकलं वगैरे काही नाही. दुकानाचं मी विचारलं तर बघू म्हणाला.

पुढचे काही दिवस घरी साबणानं हात धुऊन आकडे आले. एकशे चाळीस, एकशे पंचवीस, एकदा जेवणानंतर एकशे सत्तर. तीन महिन्यांची तपासणीही नीट आली. डॉक्टर म्हणाले, उत्तम. मीनानं भाकरी पूर्ण केली, वर एक चतकोर जास्तीची वाढू लागली. भागवत प्रत्येक फोटोला उत्तर म्हणून अंगठा पाठवायचा.

चतुराबाईंनी मला तो अंगठा दाखवला. मला वाटलं त्या खूश आहेत. त्या खूश नव्हत्या.

"अंगठा दाखवून राह्यला," त्या म्हणाल्या. "तोंड न्हाई का त्याला? खोटी म्हणताना होतं."

पाडवा तोंडावर आला होता. दुकानाबद्दल भागवत अजून काही बोलला नव्हता. बंद म्हणाला नव्हता, चालू म्हणाला नव्हता. चतुराबाईही विचारत नव्हत्या. त्यांना वेगळं काही हवं होतं.

एका सकाळी भागवत पिकअपमधून क्रेट घेऊन आला. मीना सोबत होती, आईंचा डबा घेऊन. मी एसटीची वाट पाहत होते. माल उतरून झाला. चतुराबाईंनी त्याला समोर बसायला सांगितलं. तो बसला. त्यांनी मशीन काढली, टोचणीतली सुई बदलली, आणि म्हणाल्या, बोट दे.

भागवतनं कशाला म्हटलं. त्यांनी हात नुसता पुढे धरून ठेवला. बसची वाट पाहणारे दोघेतिघे बघायला लागले. शेवटी त्यानं बोट दिलं. चतुराबाईंनी अर्धं मोसंबं घेतलं आणि त्याच्या बोटावर घासलं. मन लावून घासलं, लहानपणी कानामागचा मळ काढतात तसं. पदरानं पुसलं. टोचलं. थेंब पट्टीला लावला.

मशीन मीनाच्या हातात दिली. तिनं वाचलं.

"दोनशे शहाण्णव," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

सगळं माहीत असूनही भागवतचा चेहरा पडला. मी पाहिलं. क्षणभर तोही घाबरला होता.

"कुठं खाल्लं?" चतुराबाईंनी विचारलं.

"माय, तू चोळलं ना आता."

"ते मला नको सांगू. गिऱ्हाईक गेल्यावर खाल्लं का यायच्या आधी? मीना, साली मोज गं याच्या."

मीनाच्यानं हसू आवरेना. ती डबा घेऊन पिकअपच्या आडोशाला गेली. भागवत एकटाच राहिला. तो बोटाकडे बघत होता. थेंब पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"म्या खाल्लं न्हाई," तो म्हणाला.

"कशावरून?"

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या आईकडेही चार महिने नव्हतं. हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं ते बोट हळूच मुठीत घेतलं.

"न्हाई खाल्लं माय तू," तो शेवटी खाली मान घालून म्हणाला. "चुकलं माझं. दुकान राहू दे."

नेमका तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. सगळा फाटा हादरला. मला मात्र प्रत्येक शब्द ऐकू आला होता. मीनालाही, कारण तिनं आडोशातून डोकं बाहेर काढलं होतं.

चतुराबाईंनी कानामागे हात धरला.

"ट्रॅक्टर गेला," त्या म्हणाल्या. "ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं."

भागवतनं माझ्याकडे पाहिलं. मी हायवेकडे पाहिलं. मग त्यानं छाती भरून घेतली आणि बागेत गड्यांना हाक मारतो त्या आवाजात सांगितलं, की माझ्या मायनं मोसंबी खाल्ली नव्हती, ती खरं बोलत होती, चूक माझी होती. बसची वाट पाहणारे लोक वळले. थांबलेल्या एका गाडीची काच खाली गेली. आतल्या माणसानं चतुराबाईंना विचारलं, काय झालं, भांडण आहे का.

"काही न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "पोरगं बोलायला शिकून राह्यलं."